वारापासून वसतिगृहापर्यंत : महाराष्ट्रातील विद्यार्थी-कल्याणाच्या इतिहासातील अन्नाचा प्रश्न

प्रस्तावना

विद्यार्थी-कल्याण हा शब्द आज विद्यापीठीय प्रशासनात रुळलेला आहे. त्यासाठी स्वतंत्र मंडळे व संचालक आहेत, योजना आणि अर्जांचे नमुने आहेत. अलीकडे समुपदेशन कक्षही आहेत. मात्र हा शब्द रूढ होण्यापूर्वी आणि विद्यापीठाने अशी कोणतीही जबाबदारी स्वीकारण्यापूर्वी खेड्यातून शहरात शिकावयास आलेला विद्यार्थी जगत कसा होता, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही. शाळा-महाविद्यालयांच्या स्थापनेच्या तारखा, अभ्यासक्रमाचे स्वरूप, माध्यमाचा वाद, शासकीय अनुदानाचे धोरण यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने विद्यार्थ्याच्या ताटाकडे अभ्यासकांचे लक्ष कमीच गेले आहे.

वस्तुतः महाराष्ट्रात विद्यार्थ्याच्या कल्याणाचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो अन्नाचा प्रश्न म्हणूनच. जेवण कोण देणार, ते कोणाच्या पंगतीत मिळणार आणि त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याकडून काय घेतले जाणार, या तीन गोष्टींवर त्याचे शिक्षण टिकणे अवलंबून होते. मदत मिळाली एवढेच पुरेसे नव्हते. ती घेताना मान खाली घालावी लागते की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे होते. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील माधुकरीपासून आजच्या निर्वाह भत्त्यापर्यंतचा प्रवास या दृष्टीने तपासला आहे.

माधुकरी आणि वार

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. विद्यार्थी राहतो कोठे, जेवतो काय, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वसतिगृह होते. पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयातही विद्यार्थ्यांची राहण्याची सोय झाली. जेवणासाठी विद्यार्थी आपापले गट करून आचारी ठेवीत. अशा सामायिक स्वयंपाकघराला ‘क्लब’ म्हणत. क्लबाची वर्गणी देण्याची ऐपत असलेल्यांची सोय अशी होई. ज्यांची ऐपत नव्हती त्यांच्यासाठी समाजाची जुनी व्यवस्था होती, ती म्हणजे माधुकरी आणि वार.

माधुकरीत विद्यार्थी दुपारच्या वेळी सोवळ्याने ठरावीक घरी जाऊन शिजलेले अन्न मागून आणी. वाराची पद्धत थोडी निराळी होती. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरलेली असत आणि ज्या दिवशी ज्या घरचा वार त्या दिवशी त्या घरी जेवायचे, असा शिरस्ता होता. वार लावून देणे हे पुण्यकर्म मानले जाई. या पद्धतीमुळे कितीतरी दरिद्री मुलांचे शिक्षण पार पडले, हे नाकारता येत नाही. शिक्षणाचा खर्च सरकारने नव्हे, तर गावातील शेकडो स्वयंपाकघरांनी थोडाथोडा उचलला, असा हा प्रकार होता.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. वाराच्या घरी सुतक पडले, सोयर आले, घरची मंडळी गावाला गेली की त्या दिवशीचा वार चुके आणि विद्यार्थ्याला उपास घडे. घरातील सर्वांची जेवणे उरकेपर्यंत थांबणे, मिळेल ते मुकाट्याने खाणे, घरातील किरकोळ कामे करणे, यजमानीणबाईंच्या मर्जीचा अंदाज घेऊन उंबरठा ओलांडणे, हे सारे शिक्षणाचाच भाग असल्यासारखे सोसावे लागे. वाराचे अन्न पोटात जाई खरे, पण ते कोणत्या सुरात वाढले गेले, याची आठवण त्याहून अधिक काळ टिके. परीक्षेतील यशापयशाची चर्चाही वाराच्या घरी होई आणि नापास झालेल्याचा वार सुटण्याची धास्ती असे. आजच्या परिभाषेत ज्याला मानसिक ताण म्हणतात, त्याचे एक जुने रूप येथे दिसते.

याहूनही मोठी मर्यादा म्हणजे ही व्यवस्था सर्वांसाठी नव्हतीच. माधुकरी मागण्याचा अधिकार ब्राह्मण ब्रह्मचाऱ्याला होता. वारही प्रायः त्याच जातीच्या मुलांना लागत. कुणबी, माळी, धनगर, मुसलमान किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलगा पुण्यात किंवा कोल्हापुरात आला तर त्याच्यासाठी एकही उंबरठा उघडा नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांच्या वाटपातील विषमतेकडे लक्ष वेधले होते आणि ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, असे सुचविले होते. त्यांच्या मागणीचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. शाळेचे दार सर्वांना उघडे आहे असे सांगितले जात असताना, शाळेबाहेरचे ताट मात्र एकाच वर्गापुढे मांडले जात होते.

पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृहाची स्थापना झाली, तेव्हा विखुरलेल्या माधुकरीला संस्थेचे रूप मिळाले. हीच संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिने स्वतःचा छापखाना चालविला. एकेकट्या मुलाने दारोदार फिरण्यापेक्षा संस्थेने त्याचा भार उचलावा, हा विचार यामागे होता. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा होता. मुलीने वार लावून शिकणे कल्पनेतही बसत नव्हते. त्यामुळे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९), धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये काढलेला व १९०० मध्ये हिंगणे येथे गेलेला अनाथ बालिकाश्रम किंवा १९०९ चे पुण्यातील सेवासदन या संस्थांत शिक्षण आणि निवास प्रारंभापासूनच बव्हंशी एकत्र आले. मुलांच्या शिक्षणात वसतिगृह ही नंतरची भर होती; विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणात ती पूर्वअटच होती. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासकारांनी या फरकाची नोंद जितकी घ्यावयास हवी तितकी घेतलेली दिसत नाही.

कोल्हापूरची वसतिगृहे

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूर संस्थानाची सूत्रे हाती घेतली. १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू करण्यात आले. कागदावर ते सर्वांचे होते. प्रत्यक्षात मात्र थोड्याच काळात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. विद्यार्थी-कल्याणाच्या इतिहासात हा प्रसंग लहान असला तरी बोधक आहे. नियमाने कोणालाही मज्जाव नसताना व्यवहारात बहुतेकांना मज्जाव होऊ शकतो, ही गोष्ट महाराजांच्या ध्यानात आली आणि पुढील धोरणाला वेगळे वळण मिळाले.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. या कामी भास्करराव जाधव यांचा पुढाकार होता. त्यानंतरच्या दोन दशकांत जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग सुरू झाले. ‘वसतिगृहांची जननी’ ही कोल्हापूरची ओळख या काळात तयार झाली. दसरा चौकाच्या परिसरात यांपैकी काही वसतिगृहांच्या खुणा आजही पाहावयास मिळतात.

या वसतिगृहांना संस्थानाकडून जागा, इमारती, जमिनी आणि अनुदाने मिळाली. व्यवस्थापन मात्र बहुतांशी त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांकडे सोपविले गेले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद पक्का केला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि पुढेही घेतला जातो. हा आक्षेप सहज फेटाळता येण्याजोगा नाही. जातीच्या नावाने उभी राहिलेली इमारत जातीची जाणीवही सांभाळते, हे खरेच आहे. परंतु १८९६ चा अनुभव लक्षात घेतला तर त्या काळी दुसरा व्यवहार्य मार्ग कोणता होता, हेही विचारावे लागते. सहभोजन हा त्या समाजात गुन्हा मानला जात असताना, ज्या मुलासाठी गावात एकही पंगत नव्हती त्याच्यासाठी प्रथम एक पंगत निर्माण करणे आवश्यक होते. ती पंगत पुढे मोठी करता आली असती. ती नसतीच, तर मुलगा परत खेड्यात गेला असता. १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासवर्गीयांसाठी संस्थानातील पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. त्या जागांवर बसण्यास पात्र असे सुशिक्षित तरुण तयार होण्याचे काम या बोर्डिंगांमधून झाले. राखीव जागा आणि बोर्डिंग ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. एकाचा उल्लेख सर्वत्र होतो, दुसऱ्याचा क्वचित.

वारात आणि बोर्डिंगात मूलभूत फरक होता. वाराचे अन्न एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला दिलेले दान होते. बोर्डिंगातील अन्न कोणा एका घरचे नव्हते; ते संस्थेचे होते आणि तेथे जेवणारा प्रत्येक जण त्या संस्थेचा घटक होता. नापास झाल्याबद्दल यजमानीणबाईंचे बोलणे ऐकावे लागत नव्हते. उपकाराची भावना उरली असेल, पण तिचा रोजचा काच उरला नाही.

साताऱ्याचे बोर्डिंग

जातवार वसतिगृहांची मर्यादा ज्यांनी स्वतः अनुभवली त्यांत भाऊराव पाटील हे प्रमुख होत. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर स्नान केल्याखेरीज पंगतीला बसू नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. परिणामी त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग भाऊरावांच्या चरित्रांत आवर्जून सांगितला जातो. विद्यार्थ्याला निवारा देणारी संस्थाच त्याच्याकडून शुद्धतेची किंमत मागू शकते, याचे ते उदाहरण आहे. आणि ही किंमत मागितली गेली ती पुन्हा पंगतीच्या दारातच.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी भाऊरावांनी बोर्डिंग सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले येथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. दळणे, पाणी भरणे, भांडी घासणे, शेतात राबणे ही कामे आळीपाळीने मुलेच करीत. बोर्डिंगसाठी गावोगावचे शेतकरी सुगीला धान्य देत. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढण्याची पद्धतही याच कार्याशी जोडली गेली.

माधुकरीशी याचे बाह्य साम्य आहे, पण आतला अर्थ अगदी उलट आहे. माधुकरीत विद्यार्थी शिजलेले अन्न मागत असे. येथे संस्था कच्चे धान्य गोळा करी आणि विद्यार्थी ते स्वतः शिजवी. शिजलेल्या अन्नाला जात होती, कच्च्या धान्याला तितकी नव्हती. या साध्या व्यावहारिक बाबीचा उपयोग भाऊरावांनी किती जाणीवपूर्वक केला हे सांगणे कठीण आहे. पण अस्पृश्य मुलाने मळलेल्या पिठाची भाकरी मराठा मुलाने रोज खाणे ही गोष्ट त्या काळातील अनेक सहभोजनाच्या समारंभांहून अधिक परिणामकारक होती. समारंभ एका दिवसाचा असतो, बोर्डिंगातली भूक रोजची होती.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा या कार्यातील वाटा वेगळा नोंदवावा लागेल. बोर्डिंगातील मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळताना त्यांचे दागिने एकेक करून गेले. घरात धान्य उरले नसताना अखेरीस त्यांनी मंगळसूत्रही दिले, असे सांगितले जाते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. कर्मवीरांच्या कार्याच्या गौरवात हा प्रसंग त्यागाचा म्हणून येतो. त्यातून आणखी एक गोष्ट दिसते, ती अशी की त्या काळात विद्यार्थी-कल्याणाचा खर्च अखेर एखाद्या स्त्रीच्या गळ्यापर्यंत जाऊन थांबत होता. मुलगा जेवला की नाही, त्याला ताप आहे का, तो घरच्या आठवणीने रडतो का, हे पाहणारे माणूस या बोर्डिंगात होते. मात्र त्याला पद नव्हते आणि वेतनही नव्हते.

पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि श्रमाच्या बदल्यात शिक्षण ही कल्पना महाविद्यालयीन पातळीवर आली. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ती महाराष्ट्रभर पसरली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी तिला विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली. पुणे विद्यापीठातील या योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. तथापि बोर्डिंगात सर्वच मुले काम करीत. विद्यापीठात गरीब मुलेच तेवढी काम करू लागली. श्रम सर्वांना समान करणारा होता, तो गरिबीची खूण बनण्याचा धोका येथे निर्माण झाला. ग्रंथालयात पुस्तके लावणारा किंवा बागेला पाणी घालणारा विद्यार्थी आणि त्याच्याकडे पाहत जाणारा त्याचा वर्गमित्र यांच्यातील अंतर योजनेच्या नियमांत दिसत नाही.

शिष्यवृत्ती आणि छप्पर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यात शिष्यवृत्ती आणि निवारा यांतील दरी प्रकर्षाने दिसते. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोदे संस्थानाने त्यांना प्रथम मुंबईत आणि १९१३ पासून कोलंबिया विद्यापीठात शिक्षणासाठी साहाय्य केले. ते साहाय्य उदार होते. परंतु १९१७ मध्ये त्याच संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यासाठी ते बडोद्यास गेले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. न्यूयॉर्क व लंडन येथील शिक्षणाचा खर्च देणारे संस्थान आपल्या राजधानीत त्यांना एक खोली मिळवून देऊ शकले नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेच्या (१९२४) प्रारंभीच्या कार्यक्रमात वसतिगृहाला जे स्थान मिळाले त्यामागे हा अनुभव असणे स्वाभाविक आहे. १९२५ मध्ये सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. तत्पूर्वी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीनेही शाळांबरोबर वसतिगृहे चालविली होती. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आंबेडकरांनी केलेल्या पाठपुराव्यातून १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. विद्यार्थ्याच्या निर्वाहाचा खर्च ही दात्याची कृपा नसून शासनाचे दायित्व आहे, हे तत्त्व या योजनेने देशपातळीवर प्रथमच ठामपणे मांडले. म्हणून विद्यार्थी-कल्याणाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. सिद्धार्थमध्ये नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. वेळापत्रक हेही कल्याणाचे साधन असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मिलिंदच्या नागसेनवन परिसरातील वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील दलित मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र राहिली. जेथे पोटाची चिंता काही काळ मिटली, तेथे बोलण्याला आणि लिहिण्याला अवसर मिळाला. मराठीतील दलित साहित्याच्या चळवळीला नागसेनवनातून आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरला मुंबईच्या वडाळा येथील सिद्धार्थ विहार वसतिगृहातून जे बळ मिळाले, ते लक्षात घेता वसतिगृह ही केवळ निवासाची सोय नव्हती, असे म्हणावे लागते. वाराच्या घरी जेवणारा विद्यार्थी बंड करू शकत नव्हता. वसतिगृहातला करू शकत होता.

पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युत शंकर आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समितीची स्थापना झाली. ज्या शहरात माधुकरीची परंपरा जुनी, तेथेच ग्रामीण भागातील सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अल्प खर्चात निवास-भोजनाची आणि श्रमाधारित सहजीवनाची व्यवस्था उभी राहिली, हा इतिहासातील एक अर्थपूर्ण बदल होय. वसतिगृहातील कामे विद्यार्थी स्वतः करतात आणि शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढील पिढीचा भार उचलतात, ही येथील रीत. यशवंतराव चव्हाण यांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना मिळालेल्या शुल्क सवलतीने महाविद्यालयांतील ग्रामीण विद्यार्थ्यांची संख्या वाढली. पण शुल्क माफ झाले तरी शहरातल्या खानावळीचे बिल माफ होत नव्हते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, तेव्हाही गावाहून आलेल्या मुलीपुढे हाच हिशेब कायम राहिला.

समुपदेशन आणि रिकामी जागा

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाच्या काळात विद्यापीठांत विद्यार्थी कल्याण मंडळे होती. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने त्यांच्या जागी विद्यार्थी विकास मंडळे आणली. कल्याणाऐवजी विकास हा शब्दबदल निव्वळ योगायोग मानता येत नाही. कल्याणात कोणीतरी कोणाची काळजी घेणे अभिप्रेत असते. विकासात विद्यार्थ्याने स्वतःला घडविणे. कला महोत्सव, नेतृत्व शिबिरे, स्पर्धा यांना या शब्दात सहज जागा मिळते. उपाशी झोपलेल्या विद्यार्थ्याला मिळणे जरा अवघड जाते.

मानसिक आरोग्याच्या प्रश्नाने याच सुमारास तीव्र रूप धारण केले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि महाराष्ट्र या बाबतीत सर्वांत पुढे असलेल्या राज्यांत होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक ठरले. हे पाऊल उशिरा का होईना, योग्य दिशेने पडले आहे. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते, हे पाहता महाविद्यालयांना येथवर येण्यास किती काळ लागला, याचा अंदाज येतो.

परंतु समुपदेशकाकडे विद्यार्थ्याने स्वतः जावे लागते. बोर्डिंगात उलट होते. पंगत बसली की कोणाची जागा रिकामी आहे, हे वाढणाऱ्याच्या लक्षात येई आणि कोणीतरी खोलीकडे पाहून येई. या व्यवस्थेला कोणी मानसशास्त्र म्हटले नाही. तिच्यात दोषही होते. खासगी दुःखाला जागा नव्हती, शिस्तीचा बडगा होता, दुबळ्या मुलाची टवाळी होई. तरीही गैरहजर असलेला मुलगा कोणाच्या तरी डोळ्यांना खटकत होता, एवढे निश्चित.

पंगतीचा प्रश्न आता संपला आहे, असा समज असेल तर तोही तपासून पाहिला पाहिजे. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या स्थितीचा अभ्यास केला. वसतिगृहात त्यांचे वेगळे पडणे आणि भोजनगृहासारख्या सामायिक जागांतील दुरावा यांची नोंद त्या अहवालात आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये वसतिगृहाच्या भोजनगृहातील काही टेबले शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्यावरून वाद झाला. कोल्हापुरात एका विद्यार्थ्याला स्नान करून पंगतीला बसण्यास सांगितले गेले, त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला होता.

ताटाऐवजी रक्कम

शासकीय वसतिगृहांच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा शासनाने रोख साहाय्याचा मार्ग स्वीकारला. २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेखाली वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम थेट बँक खात्यात दिली जाऊ लागली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, तर अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आली. ज्याला खोलीच मिळाली नाही त्याला किमान भाड्याचे पैसे मिळावेत, हा हेतू रास्त आहे. रोख रकमेत एक प्रकारची प्रतिष्ठाही आहे. कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही आणि कोणाच्या हातचे खावे लागत नाही. वारापासून सुरू झालेल्या अवमानाचा येथे शेवट व्हावयास हवा होता.

तसे पूर्णतः झाले नाही. रक्कम हप्त्यांनी आणि उशिरा येते. भूक दिवसातून दोनदा लागते. खात्यात पैसे जमा होईपर्यंत खानावळवाल्याकडे उधारी करावी लागते आणि वाराच्या घरी जशी यजमानीणबाईंची मर्जी सांभाळावी लागे तशी आता खानावळवाल्याची सांभाळावी लागते. घरून अडचणीचा निरोप आला की जेवणाच्या पैशांतील काही भाग गावी जातो. हे गैरवापराचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. दुष्काळी गावातल्या मुलाने आईच्या औषधासाठी स्वतःचे एक वेळचे जेवण कमी करण्याला गैरवापर म्हणावे का, हा प्रश्न लेखापरीक्षणाच्या कक्षेत येत नाही.

२०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने आपल्या वसतिगृहांतील भोजनव्यवस्थेऐवजी जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचे धोरण अवलंबिले. वसतिगृहाची इमारत राहिली, खोल्या राहिल्या, पण खानावळ बंद झाली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थी व विद्यार्थिनी या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे भर पावसात पायी निघाले. हातात रोख रक्कम मिळत असताना विद्यार्थी तिला विरोध का करतात, हे अनेकांना उमगले नाही. या मोर्चाची मुख्य मागणी रक्कम वाढवावी अशी नव्हती. वसतिगृहातील खानावळ पूर्ववत सुरू करावी, अशी ती होती.